प्लॅनमध्ये २२ टक्के, पोहोचताना ८: इलेक्ट्रिक ट्रकच्या लांब प्रवासात चार्जिंगचं गणित दरवेळी का चुकतं

तक्रार बहुतेकांची एकच असते. निघताना अ‍ॅप सांगतं की पुढच्या चार्जरला पोहोचाल तेव्हा बॅटरीत २२ टक्के उरतील. अर्ध्या वाटेत त्याचे १५ होतात, मग ९, आणि शेवटचे वीस मैल हीटर बंद करून, कुणी कुणाशी न बोलता काढावे लागतात. पुढच्या खेपेला जास्त चार्ज करून निघालं तरी तेच. मग 'इलेक्ट्रिक ट्रक लांबच्या प्रवासाचा नव्हेच' असं मत होऊन बसतं.

मला ते पटत नाही. डेन्व्हरजवळ राहतो, फोर्ड एफ-१५० लाइटनिंग चालवतो (इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात, आपला दहाचाकी नव्हे) आणि मागे ट्रेलर लावूनही फिरतो. गणित माझंही चुकलं. कुठे चुकतं ते शोधून काढल्यावर मात्र ते पुन्हा चुकलेलं नाही. तीच पद्धत इथे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिट, म्हणून मी युनिटच लिहिणार आहे. मोठ्या बॅटरीच्या लाइटनिंगमध्ये वापरता येण्याजोगी १३१ युनिट असतात, म्हणजे एक टक्का म्हणजे साधारण १.३ युनिट. आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज म्हणजे एका युनिटला किती मैल. टक्के आणि रेंज यांच्या मागे लागू नका, या दोन आकड्यांत विचार करा. निम्मं दुखणं तिथेच कळतं.

पोहोचताना कमी का उरतं

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा कोल्हापूरहून आले होते. त्यांना युटा राज्यातलं ब्राइस कॅन्यन दाखवायचं म्हणून आम्ही ट्रेलर जोडून आय-७० या हायवेने पश्चिमेला निघालो. ट्रेलर सव्वादोन टनांचा. माणसं, सामान आणि ट्रक धरून एकूण साडेपाच टन. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि आयझेनहॉवर बोगद्यात रस्ता ११,१५८ फुटांवर जातो. अमेरिकेच्या इंटरस्टेट (राज्या-राज्यांना जोडणाऱ्या) रस्त्यांवरची ही सर्वांत उंच जागा. साडेपाच टन वजन १,७९० मीटर वर उचलायला नुसत्या पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने २७ युनिट लागतात, मोटरमधली घट धरली तर तीस. रस्ता कापायला लागतात ती वेगळी. हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे चढावर काही बिघडलं नाही.

बिघडलं ते उतारावर. बोगद्यानंतर व्हेल पासचा दुसरा घाट, आणि तिथून ग्लेनवूड स्प्रिंग्जपर्यंत जवळजवळ पाच हजार फुटांचा उतार. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज भराभर वाढत गेलं. ट्रेलर मागे असताना १.६ दिसायला लागलं, जे सपाटीवर कधीच मिळत नाही. गाडीचा अंदाज हा नुकत्याच झालेल्या प्रवासावरून बांधलेला असतो, आणि आमचं अ‍ॅप गाडीला जोडलेलं असल्यामुळे तेही तिथूनच शिकलं. पुढे ग्रँड जंक्शनला आम्ही ८२ टक्के भरून निघालो, तेव्हा अ‍ॅपने युनिटला १.२५ मैल धरून सांगितलं: युटातलं ग्रीन रिव्हर गाव ९९ मैल, पोहोचताना २२ टक्के.

लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला आलात की कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीची रेंज अशीच फुगलेली दिसते. ती रेंज पुढच्या रस्त्याची नसते, मागच्या घाटाची असते. मोठा उतार उतरल्यावर दिसणाऱ्या आकड्यावर पुढचा चार्जर ठरवू नका. ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येते.

आता रस्ता सपाट होता, ट्रेलरचं तोंड वाऱ्याला होतं आणि वारा समोरून. ताशी ६५ मैलांवर होतो. कोलोरॅडोची हद्द संपते तिथे, ३१ मैल झाले असताना, ३६ युनिट गेली होती. अ‍ॅव्हरेज ०.८६. बॅटरी ५५ टक्के, म्हणजे ७२ युनिट. पुढे ६८ मैल. त्याच अ‍ॅव्हरेजने ७९ लागणार होती.

बाबा बँकेत होते, आकड्यांना घाबरत नाहीत. मी मोठ्याने हिशेब करत होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, बहात्तर आहेत ना? मग अडुसष्ट मैलांना पुरव की. खर्च कशावर होतोय ते बघ."

खर्च वाऱ्यावर होत होता. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी ६५ ने आणि समोरचा वारा १५ ने, म्हणजे हवेच्या दृष्टीने आम्ही ८० ने जात होतो. वेग ५२ वर आणला की तोच आकडा ६७ होतो. ६७ भागिले ८० चा वर्ग ०.७, म्हणजे हवा कापण्याचा खर्च एकदम ३० टक्क्यांनी खाली. उजव्या लेनमधून ५२ ने निघालो. दहा मैलांत अ‍ॅव्हरेज १.१ वर स्थिरावलं आणि ग्रीन रिव्हरला ८ टक्के राखून पोहोचलो. वेळ किती गेला? सोळा मिनिटं. चार्जरवर तेवढी जास्तीची वीज भरायला जवळपास तेवढाच वेळ गेला असता.

आई मागे मुलीला घेऊन बसली होती. तिने त्या दीड तासात एकदाही 'पोहोचू ना?' असं विचारलं नाही. ती शांतता मला पुन्हा कुणाला द्यायची नाही. म्हणून पुढची पद्धत.

चिठ्ठी

आता प्रत्येक टप्प्याआधी मी एक चिठ्ठी लिहून डॅशबोर्डला चिकटवतो. तिच्यावर एकच प्रश्न: या टप्प्याला अ‍ॅव्हरेज किमान किती हवं?

ग्रँड जंक्शन ते ग्रीन रिव्हरचंच घ्या. ९० टक्के भरून निघायचं, पोहोचताना १५ राखायचे, म्हणजे खर्चायला ७५ टक्के, ९८ युनिट. ९९ मैलांना ९८ युनिट, म्हणजे किमान १.० हवं. ट्रेलरसह माझी स्वतःची नोंद अशी आहे: वारा नसताना ५५-५८ ने १.१५, ६५ ने १.०, समोरून वारा असेल तर ६५ ने ०.८५. नोंदीशेजारी चिठ्ठी ठेवली की चार्जिंग कमी पडतंय की वेग जास्त होतोय हे निघण्याआधीच दिसतं. ६५ ने जायचं तर काठावर आहे, ५८ ने आरामात. वारा असेल तर ५५, नाहीतर थांबायचं.

मग निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पंधरा मैलांवर अ‍ॅव्हरेज बघा. पंधराच का, तर तेवढ्या अंतरावरून परत फिरता येतं. या रस्त्यावर फ्रूटा आणि लोमा ही गावं बारा ते सोळा मैलांवर लागतात. त्यांच्यापुढे ग्रीन रिव्हरपर्यंत भरवशाचं काही नाही. आम्ही लोमाला बघितलं असतं तर चार मैल मागे जाऊन फ्रूटात विचार करता आला असता. आम्ही हद्दीवर बघितलं. तोवर वेग कमी करणं हा एकच उपाय हातात होता. पश्चिमेकडे जाताना प्रत्येक टप्प्याचं असं 'लोमा' नकाशावर आधी शोधून ठेवा.

नोंद मात्र तुमची हवी, माझी चालणार नाही. ट्रेलरचं वजन चढावर नडतं, सपाटीवर त्याची उंची आणि रुंदी नडते. वीस फूट लांबीचा उंच कॅम्पर (आत राहता येणारा बंद ट्रेलर) आणि तेवढ्याच वजनाचा बुटका, उघडा ट्रेलर यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये मोठा फरक पडतो. घराजवळ सपाट रस्त्यावर, जाऊन-येऊन चाळीस मैल, एकदा ५५ ने आणि एकदा ६५ ने चालवा आणि आकडे लिहून ठेवा. एक सुट्टीचा दिवस जातो. 'अ बेटर रूटप्लॅनर'सारख्या अ‍ॅपमध्ये गाडीचा खप, कमाल वेग, जादा वजन आणि वारा हे आपण स्वतः भरू शकतो. ते भरल्यावर अ‍ॅप खरंच उपयोगी पडतं. न भरता वापरलं तर ते दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा प्लॅन देतं.

ट्रेलर नसेल तर सगळं सोपं आहे. माझा ट्रक ७० मैलांनी युनिटला दोनच्या आसपास देतो. ईपीए या अमेरिकी सरकारी संस्थेने या बॅटरीला ३२० मैलांची रेंज दिली आहे, पण त्या चाचणीत शहरातलं चालणंही धरलेलं असतं. हायवेवर २६० धरा आणि त्यातले ८० ते १० टक्क्यांमधले १८०. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतचं खरं अंतर तेवढंच असतं.

पोहोचलो, पण वीज हळूहळू भरते

हे दुखणं वेगळं आहे आणि याचा वरच्या गणिताशी संबंध नाही. किलोवॅट म्हणजे वीज भरण्याचा वेग, तासाला किती युनिट. दीडशे किलोवॅटच्या चार्जरवर डिसेंबरच्या सकाळी मला एकदा ३८ किलोवॅट मिळाले. बाहेर उणे १२ सेल्सिअस. चार्जर ठीक होता. शेजारच्या गाडीला भरपूर मिळत होतं. आमची गाडी रात्रभर मोटेलबाहेर उभी होती आणि चार्जर मोटेलपासून दोन मैलांवर. गोठलेली बॅटरी जास्त वीज घेतच नाही.

उपाय साधा आहे. रात्री मुक्कामाला पोहोचताना, बॅटरी प्रवासाने गरम असते तेव्हाच चार्ज करून घ्या. सकाळवर ठेवू नका. दिवसभर थकून आल्यावर हे जिवावर येतं, पण रात्री पंचवीस मिनिटं दिली तर सकाळचा एक तास वाचतो. दुसरं, चार्जरचा पत्ता गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये टाका. फोनवरचा नकाशा लावून गेलात तर तुम्ही चार्जरला निघालात हे गाडीला कळत नाही, आणि ती बॅटरी आधीपासून गरम करून ठेवत नाही. हे कळण्याआधी मी पूर्ण एक हिवाळा फोनवरचा नकाशा लावून चालवला.

थंडीत अ‍ॅव्हरेजही उतरतं. २०२२ आणि २०२३ च्या लाइटनिंगमध्ये हीट पंप (कमी विजेत हवा गरम करणारी यंत्रणा) नाही, तो २०२४ पासून आला. जुन्या गाडीत हवा गरम करण्यापेक्षा सीट आणि स्टिअरिंगची ऊब वापरा, आणि गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतून गरम करून घ्या.

उन्हाळ्यातही चार्जिंग मंद वाटत असेल तर किती टक्क्यांवर आहात ते बघा. फोर्डच्या आकड्याप्रमाणे १५ ते ८० टक्के साधारण ४१ मिनिटांत होतात. ८० च्या पुढे वेग एकदम पडतो आणि उरलेल्या वीस टक्क्यांना जवळपास पहिल्या पासष्ट टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. म्हणून ट्रेलर नसेल तर ८० वर केबल काढा आणि निघा. ट्रेलर असेल आणि टप्पा लांब असेल तर ९० पर्यंत बसावं लागतं. तो वेळ जेवणाला जोडा. आमच्याकडे थालीपीठ आणि दही डब्यात असतं, वेळ कसा जातो कळत नाही.

३५० किलोवॅटचा चार्जिंगचा खांब शोधत फिरू नका. लाइटनिंग जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास घेते. मोठा खांब तिला जास्त देऊ शकत नाही. उलट ज्या गाडीला तो लागतो तिची जागा अडते. ५० किलोवॅटचा खांब मात्र टाळा, त्यावर हाच थांबा पावणेदोन-दोन तासांचा होतो.

पोहोचलो, पण जोडताच येत नाही

एका गावात चार खांब होते. दोनांचे स्क्रीन काळे, तिसऱ्यावर पैसे घेतले जाईनात. चौथ्यावर गाडी. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, हे कुठेही होतं. खांबावरच्या नंबरवर फोन करून, खांबाचा क्रमांक सांगून, 'हा रीस्टार्ट करा' असं स्पष्ट सांगायचं. तिकडून रीस्टार्ट होतो, चार-पाच मिनिटं लागतात, आणि बऱ्याचदा चालू होतो. माझा झाला.

'कनेक्शन एरर' येत असेल तर खांबाला दोष देण्याआधी केबल बघा. या जाड केबल जड असतात, आणि स्वतःच्या वजनाने प्लग किंचित खाली लोंबतो. आतल्या पिना नीट टेकत नाहीत, मग गाडी आणि खांब यांची बोलणी फिसकटतात. प्लग आत ढकला आणि मूठ दोन्ही हातांनी थोडी वर उचलून धरा, लॉक 'टक्' वाजेपर्यंत. बाबांना हे एकदाच दाखवलं. पुढच्या प्रत्येक थांब्यावर केबल त्यांनीच धरली, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून, आणि आवाज आला की मान हलवून मला खूण करायचे.

फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या गाड्यांना अ‍ॅडॅप्टर लावून टेस्लाचे सुपरचार्जर, म्हणजे त्या कंपनीचे फास्ट चार्जर, वापरता येतात. यामुळे पश्चिमेतला प्रवास खरोखर बदलला. पण सगळे नाही, जुन्या पिढीचे खांब दुसऱ्या कंपनीच्या गाडीला वीज देत नाहीत. टेस्लाच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या गाडीसाठी जो थांबा दिसतो तोच धरा. केबल आखूड असते. टेस्लाची चार्जिंगची जागा मागे डावीकडे, लाइटनिंगची पुढे डावीकडे. तुम्ही तोंड आत करून उभे राहिलात की बहुतेक ठिकाणी डाव्या शेजाऱ्याच्या खांबाची केबल घ्यावी लागते, म्हणजे दोन जागा अडतात. शक्यतो रांगेच्या टोकाला लावा आणि कुणी आलं तर आपणहून सांगा.

ट्रेलर असेल तर उपग्रहाच्या नकाशावर प्रत्येक थांबा आधी डोळ्यांनी बघा. आरपार जाता येईल असे थांबे थोडे आहेत. बाकी ठिकाणी ट्रेलर सोडून ठेवावा लागतो. सोडायला दहा मिनिटं, जोडायला पंधरा, आणि तो ठेवायला जागा हवी. प्लॅनमध्ये ही २५ मिनिटं धरलेली नसतात, म्हणून संध्याकाळी मुक्कामाला पोहोचायला अंधार होतो.

आणि एकदोनच खांब असलेल्या जागेवर टप्पा बांधू नका. 'प्लगशेअर' या अ‍ॅपवर तिथे शेवटचं कोणी कधी चार्ज केलं ते वाचा; आठवड्याभरात कुणी यशस्वी झालं नसेल तर ती जागा नाही असंच समजा. तिथून पुढच्या किंवा मागच्या चार्जरला पोहोचता येईल एवढं बॅटरीत हवं. पंधरा टक्के राखायचे ते याचसाठी.

ट्रेलर ठेवून जायचं कधी

ग्रीन रिव्हरच्या पुढे सलायनापर्यंत आय-७० वर साधारण ११० मैल गाव नाही, पंप नाही, काही नाही. इंटरस्टेट रस्त्यांवरचा सेवा नसलेला हा सर्वांत लांब पट्टा म्हणून ओळखला जातो. रस्ता ग्रीन रिव्हरच्या ४,१०० फुटांवरून जवळजवळ ७,९०० पर्यंत चढतो. रिचफिल्डपर्यंत मोजलं तर १२२ मैल. ट्रेलरसह माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अ‍ॅव्हरेजने रस्त्याला १०६ युनिट, चढाचा हिशेब वेगळा, आणि वारा आला तर १३१ पुरत नाहीत. हा टप्पा ट्रेलरसह करायचा नाही असं मी ठरवलं आणि ते सांगायला मला काहीच संकोच वाटत नाही.

आम्ही त्या संध्याकाळी ८ टक्क्यांवर थेट कॅम्पग्राउंडला गेलो. तिथल्या खांबावर ट्रेलरसाठी ५० अँपिअरचं सॉकेट असतं. आधी ऑफिसात विचारून घ्या, काही ठिकाणी गाडी चार्ज करू देत नाहीत. आमच्या सोबतच्या केबलने त्यातून सात किलोवॅट मिळाले. ट्रेलर शेजारच्या ३० च्या सॉकेटवर. रात्री सात ते सकाळी आठ, घट जाता बॅटरी ७० वर. नाश्ता होईपर्यंत गावातल्या फास्ट चार्जरवर ९२. ट्रेलर दोन रात्रींसाठी कॅम्पग्राउंडवरच ठेवायला दिला, आणि दोन खोल्या ब्राइसजवळ घेतल्या.

त्या दिवशीची चिठ्ठी बाबांनी लिहिली. मैल १२२, रस्त्याला ६१ युनिट, चढाला ६ किंवा ७, पोहोचताना ४०. सॅन राफेल स्वेलच्या लाल कड्यांपाशी आईला दोनदा उतरायचं होतं, दोनदा उतरलो. रिचफिल्डला स्क्रीनवर ४१ होते. बाबांनी खिशातलं पेन काढून ४० वर रेघ मारली आणि शेजारी ४१ लिहिलं.